चारचा आकडा

मी क्लबचा तारीखवाला.
म्हणजे ज्या मोटरसायकलींचे कागद हरवलेत
त्यांचा जन्म कधीचा, हे सांगणारा. बिनपगारी.
कारखाना पाडून तिथे पलंगांचं दुकान झालं,
पाठवणीच्या वह्या तेवढ्या उरल्या,
त्या माझ्या घरी, जिन्याखालच्या कपाटात.

एलुनेद प्रिचर्ड यांचं पत्र आलं:
भावाची गाडी आहे, नोंदवायची आहे, या. चहा मिळेल.
वेल्समधलं गाव. डोंगर पाटीच्या दगडाचा;
छपरं, कुंपणं, थडगी, सगळी पाटीचीच.
कोठारात गाडी उभी, अंगावर जुना पडदा,
पडद्यावर कोंबड्यांनी आपापली मतं नोंदवलेली.
टाकीत गोगलगायी.

आधी फ्रेम. मानेपाशी रंग खरवडला,
काळा, मग लाल, मग पुन्हा काळा.
पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली,
लहानपणी नाण्यावर घासायचो तशी.
राजाच्या डोक्याऐवजी आकडे वर आले.
वहीत सापडले: मार्च सत्तावन्न, बँगोरच्या एका दुकानात रवाना.
मी मान हलवली. बाईंनी बिस्किटं पुढे केली.

मग इंजिन. तोच नंबर.
जुळायलाच हवा होता, जुळला,
आणि तिथेच मला खटकलं.
कारखान्यातला ठोकणारा कायम घाईत,
त्याचे आकडे जत्रेला निघाल्यासारखे, एक पुढे एक मागे,
आणि त्याच्या चारचं डोकं उघडं.
हा चार मिटलेला. आकडे शाळेच्या रांगेत.
कुणीतरी जीव लावून ठोकले होते.
चोर इतका जीव लावत नाही.
फार चांगला चोर लावतो.

विजेरी तिरपी धरली.
कानशीच्या ओरखड्यांखाली,
पुसलेल्या पाटीवर कालची बेरीज दिसते तसा
दुसरा नंबर. अर्धामुर्धा.
शेवटी चार, उघड्या डोक्याचा.

हे वाक्य मला बावीस वर्षांत नीट म्हणता आलेलं नाही:
बाई, नंबर बदललाय. इंजिन चोरीचं असू शकतं.

त्या चिडल्या नाहीत.
बत्तीस वर्षं टपाल वाटलेल्या बाईला
पाकीट न फोडताही आतलं कळत असावं.
घरात जाऊन टॉफीचा डबा घेऊन आल्या.
डब्यात दुसऱ्या एका गाडीचं नोंदणीपुस्तक.
मालक: गेथिन प्रिचर्ड.

"हा थोरला. त्रेसष्टचा फेब्रुवारी, घाटात, बर्फावर.
फ्रेमची कात्री झाली. इंजिनाला ओरखडा नाही.
इद्वाल महिनाभर बोलला नाही,
रात्री इथे कानस चालायची. आई म्हणायची, उंदीर झालेत.
मग तो त्याच इंजिनावर खाणीत जायला लागला.
एकोणतीस वर्षं.
संध्याकाळी आवाज आला की आई खिडकीशी यायची,
बघायची, आणि परत चुलीकडे जायची.
आम्ही कुणी काही विचारलं नाही."

फॉर्मवर दोनच चौकोन: जुळतात, जुळत नाहीत.
मी दुसऱ्यात खूण केली.
शेऱ्याला तीन ओळींची जागा. लिहिलं,
फ्रेम धाकट्याची. इंजिन थोरल्याचं. चोरी नाही.
मग 'चोरी नाही' खोडलं, ते ठरवणं माझं काम नव्हे.
मग वरच्या रेघेवर पुन्हा लिहिलं.

खालचा नंबर कागदावर येईना.
तीन कागद वाया गेले, पेन्सिल बोथट झाली.
पेन्सिलीला खोली लागते, आणि ती त्यानं कानशीनं नेलेली.
मी म्हणालो, हा फक्त दिसतो, उमटत नाही.
बाईंनी चष्मा काढला, वाकून त्यावर अंगठा फिरवला,
दोनदा.
म्हणाल्या, "मला लागतोय."

चहा राहूनच गेला.
परतताना तो घाट मी
दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.